दीक्षेआधीचं न्हाणं

पाणी तापून कितीतरी वेळ झाला होता, पण रुद्राणी न्हाणीघरात पाऊल टाकायला तयार नव्हती.

दिंद्रुडला हलग्यांच्या घरात लिंगदीक्षेच्या सकाळी, गळ्यात इष्टलिंग बांधायच्या आधी, मुलाला न्हाऊ घालायचा मान मोठ्या सुनेचा. सासू गेल्यापासून तो शिवकांताकडे आला होता. स्वतःच्या प्रणितापासून चुलत सासऱ्यांच्या नातवंडांपर्यंत सगळ्यांना तिनंच न्हाऊ घातलं होतं. मुलं पाण्यावरून रडतात, साबणावरून भांडतात, हे तिच्या सवयीचं होतं. रुद्राणी मात्र रडत नव्हती की भांडत नव्हती. परकर दोन्ही मुठींत धरून ती चौकटीला पाठ लावून उभी होती आणि एखाद्या मोठ्या बाईनं समजूत घालावी तशी हळू आवाजात सांगत होती, "मोठ्याई, मी गेवराईहून न्हाऊनच आलते."

"तिथलं न्हाणं चालत न्हाई गं. स्वामी बाहेर वाट बघायलेत."

"मग परकर राहू द्या अंगावर."

धाकट्या दिराची आठ वर्षांची पोर. आई होती तेव्हा याच न्हाणीतून ओल्या अंगानं ओसरीपर्यंत पळत सुटायची आणि तिला धरायला दोघी जावा मागे धावायच्या. आई जाऊन दोन वर्षं झाली. लाजायला शिकली असेल, असं शिवकांताला वाटलं. तिनं हट्ट धरला नाही. पोरीला पाटावर बसवलं आणि परकरासकट तांब्या ओतला.

पाणी मांड्यांवरून उतरलं तशी रुद्राणीनं दातांमधून श्वास आत ओढला. आवाज इतका लहान होता की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नसता. शिवकांतानं तांब्या खाली ठेवला आणि ओलं कापड हलक्या हातानं सोडवून वर केलं.

डाव्या मांडीच्या आतल्या अंगाला डाग होते, एकाखाली एक. वरचे जुने, काळे पडून गुळगुळीत झालेले. त्यांच्याखालचे तांबूस. सगळ्यांत खालचा अजून ओला होता आणि त्याच्या कडेनं पू धरला होता. उजव्या मांडीवरही तसेच. सगळ्यांची धार सरळ, एक कोपरा गोलसर. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला तो आकार ओळखायला वेळ लागत नाही. घराघरातल्या तव्याशेजारी असतं ते उलथनं.

"कुणी गं, बाई?"

रुद्राणीनं प्रश्न ऐकला, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं. "मी अंथरूण ओलं करते," ती म्हणाली.

शिवकांतानं तिला कोरड्या धडप्यात गुंडाळलं. अंग पाण्यानं नव्हे, आतून तापलेलं होतं.

स्वयंपाकघरात महानंदा पुरण वाटत बसली होती. रुद्राणीच्या बापाची, सोमेश्वरची, ही दुसरी बायको. वर्षाचा मुलगा तिच्या मांडीशी पाट्याला धरून उभा होता. शिवकांतानं दार लोटून घेतलं. तिच्या मनात शंका नव्हती. सावत्रपणाच्या गोष्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती, आणि आज त्यातली एक आपल्या घरात निघाली, एवढंच तिला दिसत होतं. तिनं महानंदाला खूप काही सुनावलं. आईविना पोर, देव बघतोय, तुझ्याही पदरात लेकरू आहे, असं सगळं. महानंदा ऐकत राहिली. शेवटी तिनं पुरणानं भरलेले हात पदराला पुसले आणि उजव्या हाताची बोटं पुढं धरली. टोकांची कातडी भाजून भाजून जाड, चकचकीत झाली होती.

"अक्का, मी भाकर हातानं उलटिते," ती म्हणाली. "उलथनं म्या आडात टाकलं. त्यांनी दुसरं आणलं. ते आता कपाटात असतंय. कुलपात."

"त्यांनी म्हंजी?"

महानंदा पुन्हा पुरण वाटायला लागली. सांगायची गरजही नव्हती. पण शिवकांता तशीच उभी राहिली, कारण कळलेली गोष्ट आत घ्यायला तिच्याजवळ जागाच नव्हती. ती या घरात पंधराव्या वर्षी आली तेव्हा सोमेश्वर सात वर्षांचा होता. सासूला दमा. पोराला जेवू घालणं, पाटी भरून घेणं, आजारपणात उशाशी बसणं, सगळं हिच्याकडे आलं. धाकट्या दिराला भावजी म्हणायचं असतं, तेही तिच्या तोंडात कधी बसलं नाही. आज गेवराईत त्याची बियाण्यांची एजन्सी होती, परदेशी कंपनीचे साहेब त्याच्या दुकानी चहा घेत, दारात नवी मारुती व्हॅन उभी होती, तरी तो तिच्यासाठी सोमूच होता.

बाहेर ओसरीवर स्वामी आणि गावातली चार माणसं बसली होती. माजघरात सासरे नागप्पा, नवरा केदारनाथ आणि सोमेश्वर दीक्षेच्या सामानाची मांडामांड करत होते. शिवकांता पोरीला कडेवर घेऊन आत गेली, मधलं दार लावलं आणि काही न बोलता धडपा बाजूला केला.

केदारनाथनं पाहिलं आणि मान फिरवली. नागप्पांनी चष्मा शोधला, लावला, वाकून पाहिलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती आवाज खाली ठेवायची. मग केदारनाथ बोलला. त्याचा राग खरा होता, आणि तो जवळच्या माणसावर गेला. त्या बाईला आत्ताच्या आत्ता माहेरी धाडा, सावत्र ती सावत्रच, असं म्हणून तो थबकला. महानंदाचं माहेर म्हणजे मन्मथचं घर. आणि महानंदाचा हा भाऊ मन्मथ प्रणिताला सांगून आला होता. उद्याच साखरपुडा होता. केदारनाथच्या चेहऱ्यावर हा हिशेब उमटत गेला तो शिवकांतानं पाहिला.

पण तिचं लक्ष सोमेश्वरकडे होतं. तो विभूतीची वाटी हातात धरून उभा होता. बायकोवर आळ आला, भाऊ तिला घराबाहेर काढायला निघाला, तरी तो गप्प होता. तो आळ तसाच राहू द्यावा, एवढ्यासाठीच गप्प होता.

"सोमू," शिवकांता म्हणाली, "कपाटाची किल्ली कुठाय?"

सोमेश्वरनं वाटी खाली ठेवली. तो चिडला नाही, घाबरलाही नाही. दुकानात एखाद्या शेतकऱ्याला फवारणी समजावून द्यावी तशा सुरात त्यानं सांगितलं की पोरीला रोग आहे, आई गेल्यापासून एक रात्र कोरडी जात नाही, समजावून झालं, उपाशी झोपवून झालं. "मग काय करू, वैनी? मला बी आप्पांनी डाग दिलताच की. सुटलं का न्हाई माजं?"

"दिलता," नागप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात संकोच नव्हता, थोडा अभिमानच होता. "डाग देणाऱ्या सटवाला बोलावून. खिळा तापवून बेंबीखाली एकच. पंधरवड्यात पोरगं कोरडं. पर हे असं न्हवं. एकच द्यायचा असतोय, आन् जाणत्याच्या हातनं."

"कोरडं न्हवतं झालं, आप्पा," शिवकांता म्हणाली.

सासऱ्यांच्या शब्दावर ती आजवर बोलली नव्हती. केदारनाथनं चमकून पाहिलं.

"तुमी दुकान उघडायला गेल्यावर गोधडी मी धूत होते. मागल्या अंगणात, शेवग्याखाली वाळत घालीत होते. तुमी पुन्हा सटवाला बोलवू नये म्हणून. तेरा वर्षांचा होईस्तोर धुतली. मग आपसूक थांबलं."

सोमेश्वर तिच्याकडे बघत राहिला. त्याला त्या गोधड्या आठवत होत्या की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. बहुधा आठवत होत्या, आणि त्या न आठवण्यावर त्यानं इतकी वर्षं काढली होती. शिवकांताच्या मनात आलं, आपण त्याला वाचवलं खरं, पण डागानं माणूस सुधारतो ही समजूत या घरात कोरडी ठेवली तीही आपणच.

सगळ्यांत आधी नागप्पा सावरले. ते घरचे कर्ते होते आणि बाहेर माणसं बसलेली होती. त्यांनी मार्ग काढला. जखमेला लोणी-हळद लावा. दीक्षा ठरल्या वेळेला होईल. स्वामी कपड्यावरूनच विभूती लावतील, ताप आहे म्हणून सांगू. आणि सोमेश्वरनं गळ्यातलं लिंग हातात घेऊन शपथ घ्यावी की पुन्हा पोरीला हात लावणार नाही. संध्याकाळी पाहुणे आपापल्या घरी. उद्या साखरपुडा.

सोमेश्वरनं लगेच शर्टाच्या आतून चौकोनी करंडा काढला, तळहातावर लिंग ठेवलं आणि शपथ घेतली. शब्द नीट होते, डोळ्यांत पाणीही आलं. या घरात लिंगावर हात ठेवून कुणी खोटं बोलल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. केदारनाथनं सुटकेचा श्वास टाकला. खरं सांगायचं तर शिवकांतालाही बरं वाटलं. आपला सोमू आपल्याला परत मिळाला, असं क्षणभर वाटून गेलं.

मधलं दार उघडून महानंदा आत आली. मूल तिच्या खांद्यावर होतं. सासऱ्यांसमोर ती कधी उभी राहत नसे; आता भिंतीला धरून उभी राहिली.

"ही शपथ त्यांनी मागं बी घेतलीय," ती खाली बघत म्हणाली. "ह्याच लिंगावर. दोन बाऱ्या."

"मधी बोलायचं काय काम हाय तुजं?" केदारनाथ खेकसला.

"न्हाई. काम न्हाई. पर अंथरूण ओलं केल्यावर डाग बसायचं वय ह्याला बी कधीतरी येईल." तिनं खांद्यावरच्या मुलाची पाठ थोपटली.

सोमेश्वरनं बायकोकडे फक्त पाहिलं. त्याच वेळी कडेवरच्या रुद्राणीनं शिवकांताच्या मानेत तोंड खुपसलं आणि दोन्ही गुडघे घट्ट मिटून घेतले. बापानं शब्द काढला नव्हता, हात उचलला नव्हता. पोरीला ते पाहणंच पुरेसं होतं. शिवकांतानं धडपा पुन्हा नीट गुंडाळला.

"मी हिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेते," ती म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. नागप्पांनी सांगितलं की मोठ्या दवाखान्यात असल्या जखमा पाहिल्या की डॉक्टर पोलिसांना बोलावतात. पोराला बेड्या पडतील, पेपरात नाव येईल, दुकानाची पायरी कुणी चढणार नाही. तशी वेळ आली तर परत या उंबऱ्यात यायचं की नाही ते तिनंच ठरवावं. सोमेश्वर म्हणाला, पोर माझी आहे, तिला न्यायचं की नाही ते मी सांगेन. पण तो पुढं आला नाही, कारण ओसरीवरची माणसं आता गप्प होऊन कान देत होती. केदारनाथ नुसता म्हणत राहिला, अगं उद्या साखरपुडा आहे, निदान उद्यापर्यंत.

परसदारी प्रणिता भेटली. नवी साडी नेसलेली, हाताची मेंदी वाळलेली. तिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. तिनं रुद्राणीच्या पायाकडे पाहिलं आणि आईकडे पाहिलं. "आई, आजच कावून? उद्या का न्हाई?" एवढंच ती म्हणाली. शिवकांता लेकीच्या शेजारून पुढं गेली.

शिवकांता पोरीला कोरडा परकर घालून परळीच्या एसटीत बसली, आणि गाडी सुटता सुटता केदारनाथ मागच्या दारानं चढला. तो समजूत घालायला आला होता, हे तिला त्याच्या बसण्यावरूनच कळलं; शेजारी न बसता तो पुढच्या बाकावर अर्धा वळून बसला. वाटेत कितीतरी वेळ तो हळू आवाजात बोलत होता. परळीत ओळखीचे डॉक्टर आहेत, घरचेच म्हणायचे, ते मलमपट्टी करतील, कुणाला कळणार नाही. सोमूला आपण दोघं मिळून सांगू. पोरीला सुट्टीत आणू. मन्मथच्या घरचे मोठे लोक आहेत, अशी सोयरीक पुन्हा यायची नाही. "तू त्याची आई असल्यागत होतीस," तो म्हणाला, "आन् तूच त्याला पोलिसात देणार?"

परळी आली. केदारनाथ उठून उभा राहिला. शिवकांता उतरली, स्टँडवरच समोर लागलेल्या अंबाजोगाईच्या गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. थोड्या वेळानं तोही चढला. या खेपेला शेजारी बसला.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नर्सला सामान आणायला सांगितलं आणि केदारनाथला म्हणाल्या, "जखम धुताना फार दुखेल. मुलीला खांद्याशी घट्ट धरून ठेवा."

केदारनाथ पुढं झाला. पण त्याचा हात पोहोचायच्या आधीच रुद्राणी आपली आपण टेबलावर चढली. उताणी झोपली. परकर स्वतःच वर घेतला, त्याचा काठ गोळा करून तोंडात कोंबला, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टेबलाची कड धरली. मग काहीतरी विसरल्यासारखं तिनं काठ तोंडातून काढला.

"मोठे काका, धरायची गरज न्हाई," ती म्हणाली. "मी हलत न्हाई."

आणि काठ पुन्हा तोंडात घेतला.

डॉक्टरीणबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. नर्सनं तोंड फिरवलं. केदारनाथ टेबलाशी उभा होता, पुढं केलेले हात हवेतच. जखम धुतली, पू काढला, मलम लावलं, दोन इंजेक्शनं दिली. पोर खरंच हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, पण आवाज नव्हता. शिवकांतानं तिचं कपाळ धरलं होतं. नवऱ्याकडे पाहायचं धैर्य तिला झालं नाही. पाहिलं तेव्हा तो खिडकीशी गेला होता आणि बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होता.

पट्टी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी शिवकांताला बाजूला घेतलं. रडत नाही ते मूल मला जास्त आजारी वाटतं, असं त्या म्हणाल्या. आई गेली की अशी मुलं अंथरूण ओलं करतात. तो गुन्हा नाही, रोगही म्हणता येणार नाही. धीर मिळाला की थांबतं. त्या शेवटच्या वाक्यावर शिवकांतानं मान डोलावली. तेवढं तिला कुणी न सांगता माहीत होतं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इथून ही कुठं जाणार?"

"माझ्याकडं."

"तुम्हाला घरात घेतील?"

सकाळी नागप्पा बोलले ते शिवकांताला शब्दन् शब्द आठवत होतं.

"मला पोलिसांना कळवावंच लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मी फक्त जखमा सांगू शकते. कुणी केल्या ते तुम्हालाच सांगावं लागेल. तुम्ही नाव घेतलं नाही, तर उद्या बाप येऊन सही करून हिला घेऊन जाईल. मला अडवता येणार नाही."

चौकीवरचा हवालदार दुपारी आला. पिकल्या मिशांचा, थकलेला माणूस. त्यानं स्टूल ओढलं, मांडीवर फळी घेतली आणि लिहायच्या आधी पेन बंदच ठेवून विचारलं, "मावशी, नीट इचार केलाय नं? एकदा लिहिलं का मला खोडता येत न्हाई."

कॉटवर रुद्राणी गुंगीत झोपली होती. तिचा एक हात शिवकांताच्या पदरात अडकला होता. खिडकीशी केदारनाथ पाठमोरा उभा होता. दवाखान्यात आल्यापासून त्यानं एक शब्द काढला नव्हता. शिवकांताला वाटलं, तो आता वळेल आणि म्हणेल, चल, उठ, पुरे झालं. तो म्हणाला असता तर आपण उठलो असतो का, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"केलाय," ती म्हणाली.

"मग सांगा. कुणी केलं?"

"हिच्या बापानं."

"नाव?"

तिच्या डोळ्यांपुढं सात वर्षांचं एक पोरगं आलं, नाकाशी शेंबूड, बगलेत पाटी, वैनी भूक लागली म्हणणारं. ते जाईना. तिनं कॉटवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि त्यांच्यावरची नजर न काढता बोलली.

"सोमेश्वर. सोमेश्वर नागप्पा हलगे."

हवालदारानं ते सावकाश लिहिलं. "वय?"

शिवकांतानं पदरात अडकलेला पोरीचा हात मुठीत घेतला. त्या पोराला एकेक वर्ष तिनंच वाढवलेलं होतं.

"चौतीस," मागून आवाज आला.

केदारनाथ खिडकीपासून वळला होता. त्याचे डोळे लाल होते आणि तो जमिनीकडे बघत बोलत होता. "धंदा बी-बियाणांचा. राहणार गेवराई. मी त्याचा थोरला भाऊ, केदारनाथ. माजी बी साक्ष लिहा."

हवालदारानं मान वर करून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि लिहिलं.

"आजून एक लिहा," केदारनाथ म्हणाला. "पोर हितून दिंद्रुडला येणार. आमच्यापाशी राहणार. आप्पांनी घरात घेतलं न्हाई तर दिंद्रुडलाच दुसरी खोली करू, पर आमच्यापाशी."

"ते ह्यात येत नसतंय, साहेब," हवालदार म्हणाला. "हा जबाब हाय."

"तरी लिहा," केदारनाथ म्हणाला.